अमरत्वाचा हप्ता कोण भरतं?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधले दोन प्राणी शेजारी ठेवून बघा. पूर्ण वाढ झालेला लाल ड्रॅगन: हिट पॉइंट्स २५६, चॅलेंज रेटिंग १७. लिच: हिट पॉइंट्स १३५, चॅलेंज रेटिंग २१. हिट पॉइंट्स म्हणजे किती मार खाऊन उभा राहील, आणि चॅलेंज रेटिंग म्हणजे खेळाडूंच्या टोळीला किती जड जाईल याचा अंदाज. म्हणजे ड्रॅगनच्या जेमतेम निम्मा मार सोसणारा हा हाडांचा सापळा ड्रॅगनपेक्षा चार पायऱ्या वरचा आहे. त्याची ताकद शरीरात नाही, हे पहिल्या दोन आकड्यांतच कळतं.

आता तिसरा आकडा. लिचची बुद्धिमत्ता २०. याच नियमांत राक्षसांना ३० पर्यंत गुण मिळू शकतात. खेळाडूच्या पात्राला मात्र साधारणपणे २० च्या वर जाता येत नाही. लिच नेमका त्या रेषेवर उभा आहे. जादूगार म्हणून त्याची पातळी १८, आणि खेळाडू २० पर्यंत पोचू शकतो. पुस्तकातले बहुतेक राक्षस आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचे असतात, पण हा आपल्यातलाच आहे. खूप अभ्यास केलेला, खूप पुढे गेलेला आणि मरायला नकार दिलेला एक जादूगार.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर होऊन जग आणि संकटं उभी करतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्यात शिरतात, आणि जिथे निकाल लागायचा तिथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ प्रसिद्ध केला. आपल्याकडे अनेकांची त्याच्याशी पहिली ओळख 'स्ट्रेंजर थिंग्ज'मुळे झाली. त्या मालिकेच्या चौथ्या सीझनमध्ये पोरं खलनायकाला वेक्ना म्हणतात, ते नाव या खेळातलं. खेळातला मूळ वेक्ना लिचच आहे.

लिचवर भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक वेळा ते 'याला हरवायचं कसं' या अंगाने. मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. लिचच्या न मरण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो? गेल्या पन्नास वर्षांत खेळाच्या नियमांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत, आणि ती उत्तरं ओळीने वाचली की हा राक्षस खरा कशाबद्दल आहे ते दिसायला लागतं.

आधी नाव. जुन्या इंग्रजीत 'लिच' म्हणजे नुसतं प्रेत. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं एक दार असतं, तिथे अंत्यविधीआधी शव टेकवत. त्या दाराच्या नावात हाच शब्द आहे. खेळात हा प्राणी १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत आला. कल्पना गार्डनर फॉक्सच्या कोथार कथांमधून घेतल्याचं गायगॅक्सने सांगितलेलं आहे. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये लिचच्या अमरत्वाचं कारण दोन ओळींत उरकलंय: इच्छाशक्ती, काही मंत्रतंत्र आणि एक फायलॅक्टरी. फायलॅक्टरी म्हणजे जिच्यात तो आपला जीव ठेवतो ती वस्तू. खर्चाचा उल्लेखच नाही. मनात आणलं आणि मेला नाही, इतकंच.

दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, 'ड्रॅगन' मासिकाच्या २६ व्या अंकात लेन लाकोफ्का यांनी लिच कसा बनतो याची कृतीच लिहून काढली. कोणते मंत्र लागतात, काढ्यात काय काय घालायचं, आणि तो प्यायल्यावर काय होईल यासाठी फाशांचा तक्ता. त्या तक्त्यात साफ मरून जाण्याचीही शक्यता आहे. इथे किंमत पहिल्यांदा दिसते, आणि ती जादूगार स्वतः मोजतो. जुगार त्याचा, जीवही त्याचा.

२००३ च्या साडेतीनाव्या आवृत्तीत या किमतीचं चक्क बिल मिळतं. फायलॅक्टरी बनवायला १,२०,००० सोन्याची नाणी आणि ४,८०० एक्सपीरियन्स पॉइंट्स. लढून, जगून कमावलेला अनुभव खर्ची घालायचा. ही कल्पना मला अजूनही फार आवडते: न संपणारं आयुष्य हवं असेल तर जगलेल्या आयुष्यातलं थोडं परत कर. शिवाय ही प्रक्रिया अत्यंत दुष्ट असते असंही नियम बजावून सांगतात. दुष्ट का, ते मात्र सांगत नाहीत. स्वतःचे पैसे, स्वतःचा अनुभव, स्वतःची मर्जी. मग यात पाप कुठलं?

उत्तर त्याच नियमपुस्तकांत आहे, फक्त दुसऱ्या पानावर. साडेतीनाव्या आवृत्तीच्या दरपत्रकात बिनकसबी मजुराची रोजी दिली आहे: दिवसाला १ चांदीचं नाणं. सोन्याच्या एका नाण्याला चांदीची १० नाणी. म्हणजे १,२०,००० सोन्याची नाणी हे १२ लाख दिवसांच्या मजुरीएवढे पैसे झाले. वर्षांत मांडलं तर सुमारे ३,२८८ वर्षं. एक माणूस एकही सुट्टी न घेता ४० वर्षं राबतो असं धरलं, तरी एका फायलॅक्टरीत ८२ माणसांची अख्खी कामकरी आयुष्यं जातात. आणि जादूगाराने हे सोनं शेतात पिकवलेलं नसतं. ते कुठल्यातरी थडग्यातून, खजिन्यातून, करातून, लुटीतून आलेलं असतं. 'स्वतःची किंमत स्वतः मोजली' हा दावा पहिल्याच हिशेबात कोसळतो.

खेळ लिहिणाऱ्यांना हे कुठेतरी आधीपासून माहीत होतं असं मला 'टूम ऑफ हॉरर्स' वाचताना वाटतं. गायगॅक्सने ही मोहीम १९७५ मध्ये एका खेळमेळाव्यासाठी रचली आणि ती १९७८ मध्ये छापून आली. खेळाडूंची पात्रं पटापट मारणारी मोहीम म्हणून ती बदनाम आहे. भिंतीतल्या हिरव्या सैतानी चेहऱ्याच्या उघड्या तोंडात शिरलं की माणूस कायमचा नाहीसा, या एका सापळ्यावर अजून विनोद होतात. मला त्यातली प्रस्तावना जास्त भीतिदायक वाटते. अॅसेरेराक नावाच्या लिचची शक्ती क्षीण व्हायला लागते, तेव्हा त्याचे चाकर आठ दशकं खपून त्याच्यासाठी ही कबर बांधतात. काम पूर्ण झाल्यावर तो त्या सगळ्यांना मारून टाकतो. मोहिमेत ही माहिती एका वाक्यात येऊन जाते. खेळाडू सापळे मोजत पुढे सरकतात; ते सापळे कोणाच्या हातांनी बसवले, हे कोणी विचारत नाही.

या पार्श्वभूमीवर २०१४ चा नियम वाचा. पाचव्या आवृत्तीतल्या लिचला फायलॅक्टरीत वेळोवेळी आत्मे घालावे लागतात. एका वेळी एकच. आत अडकलेला आत्मा २४ तासांत विरघळून जातो, आणि मग देवाने हस्तक्षेप केल्याशिवाय तो माणूस कोणालाही परत आणता येत नाही. खंड पडला तर लिचचं शरीर झडून जातं. अमरत्व ही आता एकरकमी खरेदी राहिलेली नाही. हप्ता आहे, आणि तो दुसऱ्याच्या जिवाने फेडायचा.

या बदलावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. आत्मे खाणारा लिच म्हणजे सोपा खलनायक. जुना लिच आपल्याकडे काहीच मागत नव्हता. तळघरात बसून शतकानुशतकं वाचत राहणारा, कोणाच्या अध्यात नसलेला विद्वान. त्याला मारायला जाताना खेळाडूला निदान एकदा थांबून विचारावं लागे, आपण हे का करतोय? 'फरगॉटन रेल्म्स'च्या जगात तर बेलनॉर्न आहेत, आपल्या कुळाचं आणि ज्ञानाचं रक्षण करायला मागे राहिलेले सज्जन एल्फ लिच. आत्म्यांचा नियम आला आणि तो प्रश्न संपला: रोज माणसं खातो, चला मारू.

आक्षेपातलं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष मला पटत नाही. निरुपद्रवी अमर विद्वान हीच मुळात कल्पित गोष्ट होती. त्याचं तळघर कोणी खोदलं, दिव्यात तेल कोण घालतं, दाराशी पहारा कोण देतं, हे चित्राच्या चौकटीबाहेर ठेवलं होतं म्हणून तो निरुपद्रवी दिसत होता. २०१४ च्या नियमाने नवीन पाप लिहिलेलं नाही. जुन्या खात्यावर नाव घातलं, इतकंच.

हे मला लगेच पटण्याचं कारण माझ्या धंद्यात असावं. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे 'कधीच बंद न पडणारी' सिस्टीम हा कौतुकाचा विषय असतो. ९९.९९ टक्के वेळ चालू, म्हणजे वर्षभरात फक्त ५२ मिनिटं बंद. ॲप वापरणाऱ्याला ही जादू वाटते. आतून बघितलं तर त्या चार नवांच्या मागे रात्री तीन वाजता फोन वाजल्यावर उठणारा कोणीतरी असतो आणि त्याच्या शेजारी झोपमोड झालेलं घर असतं. बॅकअप स्वतःहून टिकत नाही, त्याला रोज काहीतरी खायला घालावं लागतं. लिचचं पान वाचताना मला फायलॅक्टरीपेक्षा तिची देखभाल आधी दिसते.

जीव शरीराबाहेर ठेवण्याची युक्ती आपल्याला परकी नाही. राक्षसाचा जीव पोपटात, हे मराठी घरात वाढलेल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. या गोष्टीचं एक प्रसिद्ध रूप छापलं गेलं ते आपल्याच भागातून. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हा कथासंग्रह लंडनला प्रसिद्ध केला. त्यातल्या गोष्टी सांगणारी होती त्यांच्या घरची आया, अॅना लिबराटा डिसूझा. तिचे आजोबा गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झाले होते, आणि तिने गोष्टी ऐकल्या त्या आजीकडून. त्या संग्रहातल्या पंचकिन नावाच्या जादूगाराचा जीव दूर जंगलात आहे: ताडांचं रिंगण, मधोमध पाण्याचे सहा घडे एकावर एक, त्यांच्याखाली पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट. पुढे जेम्स फ्रेझरने 'गोल्डन बाऊ'मध्ये शरीराबाहेरच्या जिवाची चर्चा करताना हीच कथा घेतली.

पंचकिन आणि लिच शेजारी ठेवले की दोन फरक दिसतात. पहिला: पोपट जिवंत आहे. राजपुत्र त्याचा एक पंख उपटतो आणि तिकडे जादूगाराचा हात गळून पडतो. पोपटाचं दुखणं हेच जादूगाराचं दुखणं. फायलॅक्टरीत तसं नाही. ती फोडली तरी समोर उभा असलेला लिच मरत नाही. एवढंच होतं की यानंतर मेला तर परत येणार नाही. शाबूत असेल तर १ ते १० दिवसांत नवं शरीर तयार. पोपट हा जीव आहे, फायलॅक्टरी हा विमा आहे.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पंचकिन आपलं गुपित सांगतो. बारा वर्षं कैदेत ठेवलेली राणी बाल्ना गोड बोलून विचारते आणि हा भुलून सगळा पत्ता सांगून टाकतो. सगळ्या पोपटांच्या कथा अशाच फिरतात. राक्षसाला कोणालातरी सांगायचं असतं, कोणीतरी आपलं आहे असं त्याला वाटायचं असतं, आणि तिथेच तो मरतो. लिचला असं कोणी नाही. त्याचं गुपित फुटत नाही, कारण ते फुटायला लागणारं माणूसच त्याच्याजवळ उरलेलं नाही. म्हणून लिचच्या मोहिमांत फायलॅक्टरीचा पत्ता बहुधा एखाद्या जुन्या पोथीत सापडतो, आणि ते नेहमी जरा रडीचं वाटतं. चांगल्या डंजन मास्टरने इथे पोथीऐवजी माणूस ठेवावा. लिच होण्याआधीच्या रात्री त्याने कोणाला तरी सांगितलं असेलच.

नावाचीही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. फायलॅक्टरी हा मूळ ग्रीक शब्द. इंग्रजीत तो ज्यू लोकांच्या तेफिलिनसाठी वापरला जातो: धर्मग्रंथातल्या ओळी लिहिलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या आत असलेल्या छोट्या चामडी पेट्या, प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळावर बांधायच्या. साडेतीनाव्या आवृत्तीत लिचची पेटीही तशीच आहे, फक्त धातूची, आणि आत मंत्र लिहिलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या. २०२५ मध्ये आलेल्या नव्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'ने हा शब्द काढून 'स्पिरिट जार' आणला. काही जुन्या खेळाडूंना ते नाव मिळमिळीत वाटतं. असेल. पण दुसऱ्याच्या रोजच्या प्रार्थनेतली वस्तू उचलून तिला आत्मे खाणारी पेटी करायची, हेही परक्या खात्यावर खर्च टाकणंच झालं.

आता आरशाकडे. सुरुवातीला म्हटलं तसं लिच खेळाडूच्या रेषेवर उभा आहे. मग आपण मरणाचं काय करतो? पाचव्या आवृत्तीत 'रेझ डेड' नावाचा मंत्र आहे. मरून १० दिवसांच्या आत असलेल्या माणसाला तो परत आणतो आणि त्यात ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्ची पडतो. १० दिवस हा आकडा लक्षात घ्या. लिचलाही परतायला जास्तीत जास्त तेवढाच वेळ लागतो. या आवृत्तीत बिनकसबी मजुराला दिवसाला २ चांदीची नाणी मिळतात. हिऱ्याची किंमत २,५०० दिवसांची मजुरी, जवळपास सात वर्षं. आपल्या टोळीतला लढवय्या मेला की आपण तो हिरा काढतो, कारण तो आपल्या पिशवीत असतो. ज्या गावाला वाचवायला आलो तिथल्या मेलेल्या शेतकऱ्यासाठी सहसा काढत नाही. लिच आणि आपण यांत फरक आहे, आणि मोठा आहे. पण तो प्रमाणाचा फरक आहे. मरण पैशाने टाळता येतं, हे दोघांनीही मान्य केलेलं असतं.

'टूम ऑफ अॅनायलेशन' ही २०१७ ची मोहीम या जखमेवर नेमकं बोट ठेवते. पुन्हा अॅसेरेराक. त्याचं यंत्र जगभरातल्या मेलेल्यांचे आत्मे ओढून घेतंय. मेलेल्यांना परत आणणं बंद पडतं, आणि जे आधी कधी मरून परत आलेत ते हळूहळू झिजायला लागतात. मोहिमेवर पाठवणारी बाई स्वतः अशीच एकदा परत आणलेली आहे. हाक कधी उठते ते बघा. ज्यांच्याकडे हिरे होते त्यांचा विमा रद्द झाल्यावर. मोहीम हा मुद्दा पुढे नेत नाही, जंगल आणि डायनोसॉर यांच्यात तो हरवतो, आणि माझी तिच्याबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. इतकी धारदार सुरुवात करून शेवटी तीही सापळ्यांच्या कबरीत उतरते.

शेवटचा आकार डेमिलिचचा. शरीर झडून नुसती कवटी उरलेला लिच. 'टूम ऑफ हॉरर्स'मध्ये ही कवटी माणकांचे डोळे आणि हिऱ्यांचे दात लावून धुळीत पडलेली असते आणि अॅसेरेराकचा आत्मा दूरच्या अज्ञात जगांत भटकत असतो. तेव्हा डेमिलिच ही पुढची पायरी होती. २०१४ च्या पुस्तकात अॅसेरेराक आणि त्याच्या वाटेने जाणाऱ्यांचा अपवाद सोडला, तर डेमिलिच म्हणजे हप्ता चुकलेला लिच. तीच कवटी, तीच धूळ. आधी सिद्धी, आता थकबाकी. मला दुसरा अर्थ जास्त खरा वाटतो. भरणारे संपले की अमरत्वही संपतं.

म्हणून यापुढे लिच टेबलावर आणणार असाल तर एक छोटी गोष्ट करून बघा. पेटीत आत्ता कोण आहे ते ठरवा. नाव द्या, गाव द्या, घरी वाट बघणारं कोणी असेल तर तेही. नियमाने तुमच्याकडे २४ तास आहेत आणि नवव्या पातळीचा 'डिस्पेल मॅजिक' त्या माणसाला सोडवू शकतो. मग खेळाडूंना निवडू द्या: आधी लिचच्या १३५ हिट पॉइंट्सच्या मागे लागायचं की पेटीतल्या माणसाच्या.